प्रकल्प नोंदी : ऑर्डरचं टेबल अधूनमधून का अडकतं

सोमवार, २ जून २०२५

आजच्या रिलीजमध्ये ऑर्डरच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा होता. बूलियन, डीफॉल्ट फॉल्स. मायग्रेशन, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी स्क्रिप्ट, सुरू झालं आणि तिथेच बसलं. मिनिटभरात ॲप्लिकेशनची पानं उघडेनाशी झाली, मग कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडलेल्या कनेक्शनांचा ठरावीक साठा) संपल्याचे एरर ओळीने यायला लागले. डेटाबेस सर्व्हर मात्र निवांत. सीपीयू जेमतेम, डिस्क शांत. काम तुंबलंय आणि काम करणारा रिकामा बसलाय असं चित्र दिसलं की आधी लॉकचा, म्हणजे टेबल कुणीतरी धरून ठेवल्याचा, संशय घ्यावा.

तोवर ॲप्लिकेशन सर्व्हर रीस्टार्ट करून झाले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवी कनेक्शनं आली आणि तीही जाऊन तिथेच अडकली. शेवटी मायग्रेशन रद्द केलं आणि त्याच क्षणी सगळं मोकळं झालं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला : मायग्रेशन काढल्यावर सुटलं, म्हणजे मायग्रेशनच दोषी. मला हे पटलेलं नाही. मायग्रेशन स्वतः कशासाठी तरी थांबलेलं होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं काम माझ्याकडे घेतलं.

मंगळवार, ३ जून

पहिला तर्क : टेबल मोठं, म्हणून कॉलम घालायला वेळ लागला. हा तर्क जुन्या काळचा. आपला डेटाबेस पोस्टग्रेस. त्याच्या आवृत्ती १० पर्यंत डीफॉल्टसह कॉलम घातला की अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जायचं. ११ पासून ठरावीक किमतीचं डीफॉल्ट नुसतं कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) नोंदवलं जातं, जुन्या ओळींना हात लागत नाही. आपण १५ वर आहोत. प्रॉडक्शनची (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसची) प्रत असलेल्या स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, मायग्रेशनमधलं कॉलम घालण्याचं काम चालवलं, मिलिसेकंदांत संपलं. म्हणजे काल गेलेला सगळा वेळ वाट पाहण्यात गेला.

दुसरा तर्क : डेडलॉक, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं. तोही नाही. डेडलॉक झाला तर पोस्टग्रेस स्वतः ओळखतो आणि गुंतलेल्यांपैकी एकाचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी क्वेरींची जुडी) एरर देऊन मोडतो. इथे एरर नव्हता, नुसती वाट होती. वाट पाहण्याला मुळात मर्यादाच नाही, कारण लॉक टाइमआउट डीफॉल्टने शून्य, म्हणजे बंद.

सर्व्हर लॉगमध्ये काहीच सापडलं नाही. लॉग लॉक वेट्स ही सेटिंग बंद होती. ती सुरू केली, रीलोडवर भागलं, रीस्टार्ट लागला नाही. आता कुणी एका सेकंदापेक्षा जास्त लॉकसाठी थांबलं की नोंद येईल. हा सेकंद डेडलॉक टाइमआउट नावाच्या सेटिंगमधून येतो. डेडलॉकशी आपलं घेणंदेणं नसलं तरी घड्याळ तेच.

बुधवार, ४ जून

स्टेजिंगवर प्रकार मुद्दाम घडवून पाहिला. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड टूलच्या तीन खिडक्या.

पहिल्या खिडकीत बिगिन (ट्रान्झॅक्शन उघडा), मग ऑर्डर टेबलातून एका ओळीचं सिलेक्ट (वाचन). उत्तर लगेच आलं. प्रॉम्प्टमध्ये बारीकशी चांदणी उमटली, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं आहे. आता या खिडकीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या खिडकीत अल्टर टेबल, कॉलम वाढवा. थांबलं.

तिसऱ्या खिडकीत साधं सिलेक्ट, लिमिट १. हेही थांबलं! याच टेबलावर पहिल्या खिडकीचं सिलेक्ट आरामात झालं होतं. दोन्ही सिलेक्ट, दोघांची आपसांत काही तक्रार नाही, तरी तिसरी खिडकी गप्प.

मग पहिल्या खिडकीत कमिट (ट्रान्झॅक्शन पक्कं करून संपवा) दिलं. दुसरी आणि तिसरी डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटली.

असं का होतं : पोस्टग्रेसमध्ये टेबलावरच्या लॉकचे आठ प्रकार आहेत. सिलेक्ट घेतं ते सगळ्यांत सौम्य, ॲक्सेस शेअर. त्याचं भांडण फक्त एकाशी, ॲक्सेस एक्स्क्लुझिव्हशी. आणि अल्टर टेबलच्या बहुतेक प्रकारांना, ड्रॉपला, ट्रंकेटला, व्हॅक्यूम फुलला नेमकं तेच लागतं. सौम्य असो की कडक, लॉक क्वेरी संपल्यावर सुटत नाही, ट्रान्झॅक्शन संपल्यावर सुटतं. क्वेरी अर्ध्या सेकंदाची असेल, ट्रान्झॅक्शन अर्ध्या दिवसाचं असू शकतं.

तिसरी खिडकी अडकली ती रांगेमुळे. अल्टरला लॉक मिळालेलं नसतं, पण ते रांगेत उभं असतं, आणि त्याच्याशी न जुळणारं काहीही मागून आलं की ते त्याच्या मागे उभं राहतं. बाकीच्यांना समजवायला उदाहरण काढून ठेवलं : खोलीला रंग द्यायचाय, त्यासाठी खोली पूर्ण रिकामी हवी. आत एकजण झोपलाय. रंगारी दारात उभा. आता खोलीत नुसतं डोकावायला आलेल्यांनाही रंगाऱ्याच्या मागे उभं राहावं लागतं. ओरडा होतो तो रंगाऱ्याच्या नावाने, कारण दिसतो तोच. आतला झोपलेला कुणाला दिसत नाही.

आता तो झोपलेला शोधायचा.

गुरुवार, ५ जून

सापडला. मायग्रेशन न लावताच सापडला, कारण तो रोजच तिथे असतो.

पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये (चालू सेशनांच्या यादीत) स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं पण काम काही नाही, अशी सेशनं काढली, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावली. सगळ्यांत वरच्या ओळीत सकाळी दहाच्या आधीची वेळ. मी पाहिलं तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. ॲप्लिकेशन नेमच्या रकान्यात क्वेरी टूलचं नाव, पुढे स्क्रिप्टचं नाव. युजर रिपोर्ट टीमचा.

इथे एक फसगत आहे, ती नीट लिहून ठेवतो. त्या ओळीतल्या क्वेरीच्या रकान्यात ऑर्डरचं नावही नव्हतं. तिथे ग्राहकांच्या टेबलावरचं एक सिलेक्ट दिसत होतं. कारण सेशन आयडल असताना तो रकाना शेवटची क्वेरी दाखवतो, लॉक घेणारी नव्हे. ऑर्डरवरची क्वेरी तासभर आधी होऊन गेली होती. ट्रान्झॅक्शन तेच, म्हणून लॉक शिल्लक. क्वेरीच्या मजकुरात टेबलाचं नाव शोधणारा इथून रिकाम्या हाताने परत जातो. पीजी लॉक्समध्ये (लॉकच्या यादीत) त्याच पीआयडीने (सेशनच्या प्रोसेस क्रमांकाने) शोधलं तेव्हा खरं दिसलं : ऑर्डरवर ॲक्सेस शेअर, मंजूर. शिवाय ऑर्डरच्या प्रत्येक इंडेक्सवर एकेक ओळ, कारण क्वेरीचा प्लॅन करताना टेबलाबरोबर त्याच्या इंडेक्सवरही लॉक घेतलं जातं. एका निरुपद्रवी सिलेक्टची ही एवढी लांब शेपटी.

कोण अडकलंय आणि कुणामुळे, हे थेट विचारायला पीजी ब्लॉकिंग पीड्स हे फंक्शन ९.६ पासून आहे. अडकलेल्याचा पीआयडी द्या, अडवणाऱ्यांचे पीआयडी घ्या. रांगेत पुढे उभे असलेलेही त्यात येतात. त्यामुळे सोमवारी ॲप्लिकेशनच्या एखाद्या सिलेक्टबद्दल विचारलं असतं तर मायग्रेशनचाच पीआयडी मिळाला असता. मग मायग्रेशनबद्दल विचारायचं, असं रांगेच्या डोक्यापर्यंत जायचं.

रिपोर्ट टीमच्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, मी काहीच बदललं नाही, नुसतं सिलेक्ट मारलंय." शंभर टक्के खरं. टूलमध्ये त्यांचं कनेक्शन 'प्रॉडक्शन' म्हणून नोंदवलेलं. तसं नोंदवलं की ऑटो-कमिट (प्रत्येक क्वेरी लगेच पक्की होणं) आपोआप बंद होतं, म्हणजे चुकून अपडेट चाललं तरी कमिट दिल्याशिवाय पक्कं होणार नाही. हेतू चांगलाच. पण ऑटो-कमिट बंद असताना पहिल्या क्वेरीलाच ट्रान्झॅक्शन उघडतं, मग ती क्वेरी सिलेक्ट का असेना. आणि सिलेक्टनंतर कमिट द्यावं असं कुणाच्या मनात येईल? टूलच्या पट्टीत एका कोपऱ्यात 'मॅन्युअल' असं लिहिलेलं होतं. ते मलाही शोधावं लागलं.

म्हणजे ज्यांनी सगळ्यांत जास्त काळजी घेतली, त्यांच्याच सेशनमुळे टेबल अडकत होतं. निष्काळजी माणूस कनेक्शन 'टेस्ट' म्हणून नोंदवतो आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही.

शुक्रवार, ६ जून

टूलची ग्रिड (निकालाचा तक्ता) पहिल्या दोनशे ओळी आणते, खाली सरकवलं की पुढच्या. ऑटो-कमिट बंद असेल तर जेडीबीसी ड्रायव्हर (टूलला डेटाबेसशी जोडणारा) हे कर्सरने, म्हणजे निकाल तुकड्यातुकड्याने आणून, करतो. कर्सर उघडा राहिला की लॉकच्या जोडीला स्नॅपशॉटही (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) धरून ठेवला जातो, आणि त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला (डेटाबेसच्या साफसफाईला) काढता येत नाहीत. बॅकएंड एक्समिनचा, म्हणजे सेशनने धरलेल्या स्नॅपशॉटचा, रकाना भरलेला दिसला, तेव्हा खात्री पटली. टेबल फुगण्याची जुनी तक्रार आहेच, तिचा धागा इथे लागतो का ते वेगळं पाहीन. आत्ता फाटे फोडत नाही.

सोमवार, ९ जून

उपायांवर चर्चा. बरीच लांबली.

एक सूचना : सगळ्यांनी सिलेक्टनंतर आठवणीने कमिट द्यावं. माणसांच्या आठवणीवर प्रॉडक्शन चालवायचं नाही. बाद.

दुसरी : 'नोलॉक लावा,' म्हणजे लॉक न घेता वाचा. ही एसक्यूएल सर्व्हरकडून आलेल्या सहकाऱ्याची. पोस्टग्रेसमध्ये ते नाही आणि त्याची गरजही नाही, वाचणारे आणि लिहिणारे इथे एकमेकांना अडवत नाहीत. गंमत म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमध्येही नोलॉकने अल्टरची वाट टळत नाही. कमिट न झालेला डेटा वाचायची तयारी दाखवली तरी क्वेरी चालू असेपर्यंत टेबलाच्या रचनेवरचं लॉक घ्यावंच लागतं, आणि अल्टर त्यालाच अडतं.

आपल्या एका सर्व्हिसमागे मायएसक्यूएल आहे, म्हणून तिथलंही पाहिलं. ५.५ पासून तिथे मेटाडेटा लॉक (टेबलाच्या रचनेवरचं लॉक) आहे, वागणूक हीच : उघडं ट्रान्झॅक्शन, मागे अल्टर, त्यामागे सगळे. प्रोसेसलिस्टमध्ये 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' असं स्वच्छ लिहून येतं, एवढं बरं. पण या वाट पाहण्याची डीफॉल्ट मर्यादा ३१५३६००० सेकंद. भागाकार करून पाहिला, बरोबर एक वर्ष. इनोडीबी या तिथल्या साठवण इंजिनाचा पन्नास सेकंदांचा टाइमआउट ओळींवरच्या लॉकसाठी आहे, त्याच्या भरवशावर इथे राहता येत नाही.

माझं मत मांडलं : वाचणाऱ्यांच्या मागे लागण्याआधी मायग्रेशनला माघार घ्यायला शिकवा. मायग्रेशनच्या सेशनमध्ये लॉक टाइमआउट तीन सेकंद. तेवढ्यात लॉक मिळालं तर ठीक, नाहीतर एरर घेऊन बाहेर, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. मागची रांग फार तर तीन सेकंद तुंबते, मग वाहते. झोपलेला कोणीही असो, आज रिपोर्ट टीम, उद्या आणखी कुणी, नुकसानाला मर्यादा पडते. ही सेटिंग सगळ्या सर्व्हरला लावायची नाही, पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशनही तसं करू नका म्हणतं. फक्त मायग्रेशन चालवणाऱ्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला).

मान्य झालं. जोडीला रिपोर्टच्या रोलवर आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट पाच मिनिटं.

मंगळवार, १० जून

दोन्ही सेटिंग्ज लावल्या. रोलवरची सेटिंग नव्या सेशनलाच लागू होते, म्हणून रिपोर्ट टीमला टूल बंद करून उघडायला सांगितलं.

अडचणीच्या वेळी काय करायचं त्याच्या टिपणात भर : आयडल सेशनवर पीजी कॅन्सल बॅकएंड चालवून उपयोग नाही. ते चालू क्वेरी थांबवतं, इथे चालू काहीच नसतं. ट्रू असं उत्तर येतं आणि परिस्थिती जैसे थे. पीजी टर्मिनेट बॅकएंड लागतं. ते वापरण्याआधी त्या माणसाला विचारावं, ट्रान्झॅक्शनमध्ये त्याचं अर्धवट अपडेट असेल तर तेही जाईल.

गुरुवार, १२ जून

टाइमआउट चालत नाही! पाच मिनिटांची मर्यादा असून एक सेशन दोन तासांहून जास्त वेळ ट्रान्झॅक्शनमध्ये बसलेलं.

आधी वाटलं जुनं सेशन असेल. नाही, आजच उघडलेलं. शो करून पाहिलं, सेटिंग बरोबर. मग ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ आणि स्टेट बदलल्याची वेळ शेजारीशेजारी ठेवल्या. पहिली दोन तास जुनी, दुसरी मिनिटभरापूर्वीची. पुन्हा पाहिलं, दुसरी पुढे सरकलेली. ग्रिडला कुणी हात लावत नव्हतं, मॅडम दुसऱ्या मीटिंगमध्ये होत्या.

टूलमध्ये कीप-अलाइव्ह सुरू होतं. व्हीपीएन निष्क्रिय कनेक्शन तोडतं, म्हणून कुणीतरी सगळ्यांना ते लावून दिलेलं. टूल दर मिनिटाला सर्व्हरला एक रिकामी टिचकी मारतं. क्वेरीत काही नसतं, पण सर्व्हरच्या लेखी सेशन जागं झालं आणि पुन्हा आयडल झालं, घड्याळ पहिल्यापासून सुरू. पाच मिनिटं कधी भरतच नाहीत.

यावरून दोन गोष्टी ठरल्या. पाळत ठेवायची ती ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीच्या वेळेवर, स्टेट बदलल्याच्या वेळेवर नाही. आणि सर्व्हरच्या टाइमआउटवर विसंबायचं नाही. पूर्ण ट्रान्झॅक्शनला मर्यादा घालणारा ट्रान्झॅक्शन टाइमआउट पोस्टग्रेस १७ मध्ये आला आहे, आपण १५ वर. तोवर एक छोटी पाळत स्क्रिप्ट : दर मिनिटाला चालते, रिपोर्टच्या रोलचं ट्रान्झॅक्शन पंधरा मिनिटांहून जुनं आणि आयडल दिसलं की संबंधिताला चॅटवर निरोप, अर्ध्या तासाने सेशन बंद. स्क्रिप्टच्या युजरला सुपरयुजर केलेलं नाही, सेशन बंद करायला पीजी सिग्नल बॅकएंड आणि इतरांची सेशनं पाहायला पीजी रीड ऑल स्टॅट्स हे रोल पुरतात.

शुक्रवार, १३ जून

मूळ प्रश्न आज मिटवला असं म्हणता येईल. रिपोर्टच्या रोलकडचे लिहिण्याचे सगळे हक्क काढून घेतले, फक्त सिलेक्टचे ठेवले. ते हक्क मुळात का होते हे कुणालाच सांगता आलं नाही. आता चुकून अपडेट मारलं तर परवानगी नाही असा एरर येईल, म्हणून ऑटो-कमिट सुरू करायला कुणाची हरकत उरली नाही. मॅडमनी स्वतःच टीममधल्या सगळ्यांच्या टूलमधली सेटिंग बदलून दिली.

चुकीच्या अपडेटपासूनचं संरक्षण इतके दिवस टूलच्या एका खुणेवर सोपवलेलं होतं. ते डेटाबेसच्या हक्कांचं काम आहे.

सोमवार, १६ जून

रिपोर्ट टीमला रीड रेप्लिकावर (फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीवर) हलवायचा प्रस्ताव आला. चांगला आहे, पण त्याने लॉकचा प्रश्न आपोआप संपतो हे खरं नाही. प्रायमरीवर (मूळ सर्व्हरवर) अल्टर झालं की तेच ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह रेप्लिकावरही लावावं लागतं. तिथे कुणी वाचत बसलं असेल तर रेप्लिका आधी थांबते, डीफॉल्ट तीस सेकंद, आणि मग वाचणाऱ्याला हाकलते. प्रायमरी मात्र अडत नाही, हा खरा फायदा. पुढच्या तिमाहीत पाहू.

मंगळवार, १७ जून

रखडलेलं मायग्रेशन रात्री लावायचं ठरलं, रात्री गर्दी नसते म्हणून. लॉक टाइमआउटने प्रत्येक प्रयत्न परतवला. या वेळी ॲप्लिकेशन मात्र ठणठणीत, कुणाला कळलंही नाही.

अडवणारा कोण? पीजी डम्प. रात्रीचा बॅकअप सुरुवातीलाच सगळ्या टेबलांवर ॲक्सेस शेअर घेतो आणि शेवटचं टेबल उतरवून होईपर्यंत सोडत नाही. आपण ज्या वेळेला सुरक्षित समजत होतो, त्या वेळेला ऑर्डरच्या टेबलावर लॉक असणं ठरलेलंच होतं. आधीची काही मायग्रेशनं रात्री 'उगाच' रखडली होती, त्यांच्या वेळा बॅकअपच्या वेळांशी जुळतात.

बुधवार, १८ जून

सकाळी अकराला, भर वर्दळीत मायग्रेशन लावलं. पहिल्याच प्रयत्नात गेलं. लॉग लॉक वेट्समध्ये एकही ओळ नाही.

लावण्याआधी मायग्रेशनच्या फायलीत आणखी एक दुरुस्ती करून घेतली होती. आपलं मायग्रेशन टूल अख्खी फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं, आणि जुन्या ओळी भरणारं अपडेट अल्टरच्या खालीच लिहिलेलं होतं. म्हणजे लॉक मिळाल्यावर अपडेट संपेपर्यंत टेबल सगळ्यांना बंद राहिलं असतं. लॉक टाइमआउट इथे मदतीला येत नाही, तो फक्त लॉक मिळण्याची वाट मोजतो, धरून ठेवण्याची नाही. फाइल दोन केल्या.

शुक्रवार, २० जून

पाळत स्क्रिप्टचा पहिला निरोप आला. सेशन क्वेरी टूलचं नव्हतं, विश्लेषण करणाऱ्या सहकाऱ्याच्या पायथन नोटबुकचं होतं. सायकोपीजी (पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर) पहिल्या एक्झिक्यूटलाच ट्रान्झॅक्शन उघडतं, सिलेक्ट असलं तरी. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठीचं मानक, पेप २४९, ऑटो-कमिट सुरुवातीला बंदच ठेवायला सांगतं, त्यामुळे बाकीचे बरेच ड्रायव्हरही असेच वागतात. नोटबुकच्या सामायिक साच्यात कनेक्शननंतर ऑटो-कमिट सुरू करणारी ओळ घातली आणि त्यांचा रोलही रिपोर्टसारखाच वाचण्यापुरता केला.

राहिलेलं : मायएसक्यूएलवाल्या सर्व्हिसच्या मायग्रेशन युजरला लॉक वेट टाइमआउट कमी करणं. तिथल्या टीमला निरोप दिलाय, पुढच्या रिलीजआधी करतो म्हणाले.